८×४२ की ८×३०? पावसाळा ते उन्हाळा दोन्ही दुर्बिणी वापरल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो. (दुर्बिणीवरचा पहिला आकडा वर्धनाचा, म्हणजे दृश्य किती पट मोठं दिसतं त्याचा; दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये.) ऊन वर आल्यावर गड, पठारं, माळरानं किंवा जलाशयाचा काठ पायी फिरणार असाल, तर ८×३० घ्या. भल्या पहाटे, दाट झाडीत किंवा पावसाळी आभाळाखाली पक्षी बघायचे असतील, तर ८×४२ चं जादा वजन उचलण्यावाचून गत्यंतर नाही. दोन्ही महिनोन्‌महिने आलटून पालटून वापरल्यावर हे मत पक्कं झालं आहे. वजन तोलायचं ते आपण कोणत्या उजेडात बघतो, त्याच्याशी.

दोन्ही दुर्बिणी निकॉनच्या मोनार्क एम७ मालिकेतल्या आहेत. मालिका एकच असल्यामुळे तुलना सोपी होते: दोन्हींत ईडी काच (चित्राच्या कडेचे नकोसे रंग कमी करणारी), दोन्हींत रूफ प्रिझम (सरळ नळ्यांची रचना), आणि दृश्यक्षेत्रही सारखंच, ८.३ अंश, म्हणजे १००० मीटरवर १४५ मीटर रुंदीचा पट्टा. खरा फरक पुढच्या भिंगाच्या व्यासाचा आणि त्यामुळे वाढलेल्या वजनाचा. मोठी पावणेसातशे ग्रॅमच्या आसपास, धाकटी साडेचारशेच्या थोडी वर. पट्टा आणि झाकणं धरली की मोठी पाऊण किलोच्या घरात जाते.

व्यासाला वर्धनाने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ४२ ला ८ ने भागल्यावर ५.२५ मिलिमीटर, ३० ला भागल्यावर ३.७५. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे दोन्ही दुर्बिणींतला जादा प्रकाश बुबुळावर पडून वाया जातो आणि चित्र सारखंच उजळ दिसतं. उजेड कमी झाला की बाहुली पाच-सहा मिलिमीटरपर्यंत उघडते आणि तिथे ३० चं भिंग अपुरं पडायला लागतं. ४२ च्या भिंगाचं क्षेत्रफळ ३० च्या जवळजवळ दुप्पट असतं, ते या वेळी कामाला येतं. वय वाढलं की बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही, म्हणून पन्नाशी-साठीच्या पुढच्यांनी ८×५६ सारख्या अवजड दुर्बिणीवर खर्च करण्यात फारसा अर्थ नाही.

हे कागदावरचं गणित आंबोलीत डोळ्यांनी दिसतं. तिथल्या सदाहरित जंगलात जुलै-ऑगस्टमध्ये भर दुपारीही संध्याकाळसारखा उजेड असतो. कर्णा पक्ष्याचा नर फांदीवर बराच वेळ निश्चल बसतो, त्यामुळे दोन्ही दुर्बिणी एकापाठोपाठ एक लावून बघता येतात. ८×३० मधून त्याच्या छातीवरचा पांढरा पट्टा कळतो, पण पोटाचा लाल रंग मळकट, तपकिरीकडे झुकलेला दिसतो. ८×४२ लावली की तोच रंग लालभडक होतो आणि काळ्या पंखांवरच्या बारीक पांढऱ्या रेघा सुट्या होतात. पर्णवटवटे या चिमुकल्या, एकमेकांसारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत हा फरक आणखी महत्त्वाचा, कारण हिरवट वटवट्याच्या पंखावरची फिकट बारीक रेघ दिसली नाही तर ओळख तिथेच अडते. ताडोबात सकाळी फाटक उघडल्यावरचा पहिला अर्धा तास आणि संध्याकाळी रस्त्यावर बसलेला रातवा हा निशाचर पक्षी, ही दोन्ही कामंसुद्धा ४२ चीच.

भिगवणच्या जलाशयावर मात्र, ऊन चढल्यावर, पट्टकादंब या हंसाच्या डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या दोन्हींतून तितक्याच स्वच्छ दिसतात. तरी होडीत एक गोष्ट जाणवते. होडी डुलते तेव्हा ३.७५ मिलिमीटरच्या झोतावरून डोळा चटकन घसरतो आणि चित्राच्या कडेला काळी सावली येते. ५.२५ च्या झोतात डोळ्याला हलायला जागा असते, म्हणून उजेड भरपूर असूनही मोठी दुर्बीण जास्त आरामाची वाटते.

१०× का नाही, हा प्रश्न हमखास येतो. इंटरनेटवरच्या बऱ्याचशा चाचण्या परदेशातल्या शिकाऱ्यांनी लिहिलेल्या असतात आणि त्यांची गरज वेगळी असते. अमेरिकेच्या पश्चिमेकडचा शिकारी एका धारेवर बसून समोरचा उघडा डोंगर तासन्‌तास विंचरतो. त्याला छातीवर १०×४२ आणि तिपाईवर १५×५६ परवडते. युरोपात मचाणावर बसून रात्री रानडुकराची वाट बघणारा ८×५६ घेतो, कारण त्याला ती घेऊन चालायचं नसतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर दुर्बीण उरली ती फक्त बघण्यासाठी, आणि सह्याद्रीत बघायचं ते बहुतेक वेळा वीस-तीस मीटरवर, पानांच्या गर्दीत, सतत हलणाऱ्या पक्ष्याला. तिथे रुंद दृश्यक्षेत्र हवं. याच मालिकेतल्या १०×४२ चं क्षेत्र ६.९ अंशांवर येतं, झोत ४.२ मिलिमीटरचा होतो आणि हाताची थरथरही दहापट होऊन दिसते. चढ चढून धाप लागलेली असताना १०× मधून वटवट्या शोधायला जाल, तर तो सापडेपर्यंत उडालेला असेल. माळढोक परिसरातली माळरानं किंवा मोठे जलाशय एवढंच बघणार असाल तर १०× चा विचार जरूर करा.

आता वजनाचं. मान दुखते ती बहुतेक वेळा अरुंद पट्ट्यामुळे. सोबत आलेला पट्टा काढून खांद्यांवरून जाणारा इलॅस्टिकचा हार्नेस लावला की पाऊण किलो पाठीवर वाटलं जातं, आणि वाकल्यावर दुर्बीण दगडावर आपटतही नाही. माझ्या मते ४२ घेणाऱ्याने हार्नेसचे पैसे दुर्बिणीच्या किमतीतच धरावेत. हात भरून येणं मात्र हार्नेसने थांबत नाही. उंच झाडावरच्या मोरघारीकडे दोन-तीन मिनिटं मान वर करून बघताना दोनशे ग्रॅमचा फरक दंडांना कळतो, आणि दिवसाच्या शेवटी हात आळस करू लागतात: “असेल बुलबुलच” म्हणून दुर्बीण उचललीच जात नाही. हलक्या दुर्बिणीची खरी कमाई ही, की ती जास्त वेळा डोळ्यांपर्यंत जाते. उलट बाजूही आहे. जड दुर्बीण हातात जास्त स्थिर राहते आणि हलकी वाऱ्यावर थरथरते. ८×३० धरताना कोपर बरगड्यांना टेकवा आणि दोन्ही अंगठे गालाच्या हाडांखाली ठेवा. चित्र लगेच स्थिरावतं.

चष्मेवाल्यांनी आय रिलीफचा आकडा आधी बघावा, म्हणजे आयपीसपासून (डोळ्याकडच्या भिंगापासून) डोळा किती दूर ठेवूनही अख्खं चित्र दिसतं ते अंतर. ८×४२ मध्ये तो १७.१ मिलिमीटर आहे, ८×३० मध्ये १५.१. आयकप (आयपीसभोवतीची रबरी कडी) पूर्ण खाली फिरवल्यावर मोठीतून अख्खं वर्तुळ दिसतं, धाकटीत जाड फ्रेमचा चष्मा असेल तर कडा कापल्या जातात. हा एकच मुद्दा कित्येकांसाठी निर्णय करून टाकेल.

पैसे वाढवले की तडजोड कमी होते, हेही खरं. झाइस व्हिक्टरी एसएफ ८×३२ सुमारे सहाशे ग्रॅमची आहे आणि तिचं क्षेत्र १५५ मीटर आहे. पण ३२ चं भिंग कितीही महाग असलं तरी झोत ४ मिलिमीटरचाच राहतो.

डायॉप्टर, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक भरून काढणारी जुळणी, नीट न लावल्यामुळे चांगली दुर्बीणही बदनाम होते. तीस-चाळीस मीटरवरची अक्षरांची पाटी घ्या. उजवं भिंग तळव्याने झाका, दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि मधल्या चाकाने डावी बाजू स्पष्ट करा. मग डावं भिंग झाकून, चाकाला हात न लावता, उजवीकडची डायॉप्टरची कडी फिरवा. डोळा मिटून हे करू नका. मिटताना दुसऱ्या डोळ्यावर ताण येतो आणि माप चुकतं.

पावसात आयपीसवर सैल बसणारं रेनगार्ड (पावसापासून वाचवणारं झाकण) कायम लावलेलं असावं. आत नायट्रोजन भरलेला असल्यामुळे आतून धुकं धरत नाही, पण एसीच्या गाडीतून थेट दमट हवेत काढली तर बाहेरच्या काचा धूसर होतात. पुसत बसू नका, पाच-दहा मिनिटांत ते आपोआप जातं. कोकणातल्या जांभ्याच्या धुळीत कणी असते आणि ती शर्टाच्या टोकाने पुसली की काचेवरच्या लेपावर ओरखडे कायमचे. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, आणि शेवटी मायक्रोफायबरवर थेंबभर लेन्स क्लीनर.

बुरशी हा आपल्याकडचा मोठा शत्रू. ओल्या दुर्बिणीला बॅगेत बंद करू नये. पंख्याखाली रात्रभर सुकवून मग हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत ठेवावी. डब्यात छोटा आर्द्रतामापक टाका आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राखा. निळं जेल गुलाबी झालं की ते ओलं आहे. ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर पुन्हा निळं होईपर्यंत तापवा.

दुकानात जायचं तर शक्यतो दिवेलागणीला जा. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा आणि आयपीसमधले प्रकाशाचे ठिपके बघा. कडा कापलेल्या, चौकोनी दिसल्या तर आतलं प्रिझम लहान किंवा हलक्या प्रतीच्या काचेचं आहे. मग समोरच्या इमारतीच्या गच्चीची आडवी कड दोन्ही डोळ्यांनी बघत दुर्बीण हळूहळू वीतभर पुढे न्या. दोन वर्तुळांतल्या रेषा वरखाली झाल्या, तर नळ्या एका रेषेत नाहीत. अशी दुर्बीण दहा मिनिटांत डोकं चढवते. दुसरा नग मागा आणि तोही असाच तपासा.