उत्तरेकडची भिंत: शेवाळ-बुरशी प्रतिबंधक रंगकामाचा एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

टिळकवाडीतील आमच्या एकमजली घराची नैर्ऋत्येकडची भिंत पावसाळाभर झड खाते, पण काळी पडते ती मात्र उत्तरेकडची. झड खाणारी भिंत उघडीप मिळताच दुपारच्या उन्हात वाळते. उत्तरेकडच्या भिंतीवर ऊन जवळपास येतच नाही, त्यात शेजारच्या आंब्याची सावली, त्यामुळे मृगात ओली झालेली ती भिंत थेट नवरात्राच्या सुमारास कोरडी होते. दर दोन वर्षांनी नुसता रंग देऊन कंटाळल्यावर यंदा एप्रिलच्या अखेरीस बेळगावातीलच एका ठेकेदाराकडून शेवाळ-बुरशी प्रतिबंधक काम करून घेतले. दिवाळी उलटल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे.

पाहणीला त्यांचे जे ज्येष्ठ कारागीर आले, त्यांना सगळे ‘मामा’ म्हणतात. त्यांनी रंगांचे कार्ड दाखवण्याआधी एका काळ्या डागावर कपडे पांढरे करण्याच्या ब्लीचचा एक थेंब टाकला. दोन-तीन मिनिटांत तेवढाच रुपयाएवढा भाग उजळला. डाग उजळला तर तो बुरशीचा किंवा शेवाळाचा, नाही उजळला तर बहुधा धुळीचा किंवा धुराचा, असे त्यांनी समजावले. आजवर आम्ही ज्याला ‘मळ’ म्हणत होतो तो जिवंत होता आणि त्याच्यावरच रंग फासत होतो, हे तेव्हा कळले.

धुण्याचे काम उत्तम झाले, यात शंका नाही. एक भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी असे द्रावण भिंतीवर खालून वर लावत नेले, कारण वरून सोडले तर ओघळांचे पट्टे उमटतात. ते पंधरा-वीस मिनिटे मुरू दिले, नायलॉनच्या ब्रशने घासले आणि साध्या पाण्याने धुऊन काढले. तारेचा ब्रश त्यांनी मुद्दाम टाळला, कारण त्याने गिलावा खरवडला जातो आणि शेवाळाला धरायला नवी जागा मिळते. तुळस आणि जास्वंदीवर प्लास्टिक घातले होते. फरशी धुण्याचे ॲसिड त्या बादलीच्या आसपासही येऊ दिले नाही. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की विषारी क्लोरिन वायू सुटतो, हे घरी हा उद्योग करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. त्यानंतर शेवाळनाशक द्रावणाचा एक हात दिला. तो न धुता तसाच वाळू द्यायचा असतो.

तक्रार पुढच्या टप्प्याची आहे. वळवाचे ढग जमू लागले तशी ठेकेदाराला घाई झाली आणि धुतल्याच्या दुसऱ्याच दिवशी उत्तरेकडच्या भिंतीवर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, चढला. मामा म्हणाले होते, “वरनं पाणी यायचं थांबल्याबिगर आन् भित वाळल्याबिगर कितीबी भारी रंग मारा, काय उपेग न्हाई.” त्यांचे त्यांच्याच मालकाने ऐकले नाही. पाण्याच्या टाकीचा उतू जाण्याचा पाइप भिंतीलगतच ठिबकत होता, आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तुटून पडावे म्हणून जी खाच हवी ती नव्हती. ही कामे ‘आमच्यात येत नाहीत’ असे उत्तर मिळाले. श्रावण संपेपर्यंत जोत्याच्या वर हातभर उंचीपर्यंत फोड आले आणि टाकीखाली हिरवी रेघ पुन्हा उमटली. हमीपत्र काढून पाहिले, तर ओल झिरपून झालेले नुकसान त्यातून वगळलेले. बाकीच्या तीन भिंती मात्र आजही स्वच्छ आहेत, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

रंगातील बुरशीनाशक पावसाबरोबर थोडे थोडे वाहून जाते, म्हणून तो कायमचा उपाय नव्हे. खानापूरकडच्या आमच्या जुन्या घरी चुन्यात मोरचूद कालवून भिंती सारवत. द्राक्षबागेत फवारतात त्या बोर्डो मिश्रणातही हेच दोन जिन्नस असतात. तो हात दरवर्षी द्यावा लागे आणि त्याबद्दल कोणी कुरकुरत नसे. नव्या रंगाकडून आपण सात-आठ वर्षांची अपेक्षा धरतो, तीही भिंत ओली ठेवून.

साध्या रंगकामाच्या सुमारे सव्वापट खर्च आला. पाहणी आणि धुलाईसाठी पाच पैकी पाच, वाळवणीसाठी एक, एकंदर तीन गुण मी देईन. वाद न घालता फेब्रुवारीत उत्तरेकडची भिंत विनामूल्य पुन्हा करून देण्याचे ठेकेदाराने मान्य केले आहे. दरम्यान गवंड्याकडून छज्ज्याला खाच पाडून घेतली आणि टाकीचा पाइप भिंतीपासून दूर वळवला. माझी अट एवढीच आहे, की प्रायमरच्या आदल्या संध्याकाळी दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर ठेवायचा, आणि सकाळी त्याच्या आतल्या बाजूला दव दिसले तर डबा उघडायचा नाही.