सेकंड हँड एमटीबी घेताना माझे १४,५०० गेले, पुण्यात सायकल शोधत असाल तर हे वाचा

१४,५०० रुपये. १,५०० टोकन आणि १३,००० जागेवर. वर ७०० टेम्पोचे आणि ३५० सायकलवाल्या काकांना दिले ते वेगळे. एवढ्या पैशात साताऱ्यात नवीन, बिलासकट, वॉरंटीची सायकल आली असती हे मला घरच्यांनी आणि ऑफिसमधल्यांनी सांगून झालंय, त्यामुळे ते कृपया परत कुणी सांगू नका. मला माहितीये. नवीन का नाही घेतली तेही सांगतो.

आमच्या इथे यवतेश्वरचा घाट, पुढे कास, मध्ये मध्ये फुटणाऱ्या मुरमाच्या वाटा. मित्राची साधी सायकल घेऊन जायचो, पण खडीवर बारीक टायर टिकत नाही, म्हणून एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, घ्यायची ठरवली. बजेट १५ हजार. आता १५ हजारात जी नवीन मिळते ती बघायला गेलो की दुकानदार आधी डबल सस्पेन्शनवाली पुढे करतो. लाल-काळी, जाड नळ्यांची, मधोमध मोठी स्प्रिंग. एवढं मी वाचलेलं होतं की या किमतीतली मधली स्प्रिंग म्हणजे नुसतं ओझं, चढावर प्रत्येक पायडलला सायकल खालीवर हलते आणि तुमची ताकद त्या स्प्रिंगमध्ये जाते. तर ती नको होती. आणि सगळीकडे हाच सल्ला मिळतो की कमी बजेट असेल तर नवी स्वस्त घेण्यापेक्षा चांगल्या कंपनीची वापरलेली हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली, घ्या. सल्ला चुकीचा नाहीये, आजही मी तेच म्हणेन. फक्त वापरलेली कुणाकडून घेताय तिथे सगळा घोळ आहे.

जाहिरात होती एका जुन्या वस्तूंच्या ॲपवर. नावाजलेल्या परदेशी कंपनीची हार्डटेल, अलॉय फ्रेम, २७.५ इंची चाकं, शिमानो कंपनीचे २१ गियर, दोन्ही चाकांना हायड्रॉलिक (तेलावर चालणारे) डिस्क ब्रेक, पुढे लॉकआउटवाला (दबणं बंद करता येणारा) १०० एमएम फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुपाखा, "फक्त ८ महिने वापर, ३८,५०० ला घेतली, बिल आहे, ऑनसाइट जातोय म्हणून अर्जंट". मागत होता १८,०००. फोनवर इतका सरळ बोलला, दादा दादा करून, गियरबद्दल विचारलं तर गियरबद्दल सांगितलं, पैशांची घाई केली नाही. पैसे मागायला क्यूआर कोड पाठवणारे, मिलिटरीत आहे म्हणून आयकार्ड पाठवणारे, ते प्रकार मला माहीत आहेत, त्याला मी फसलो नसतो. हा तर म्हणाला, या, चालवून बघा, मग द्या पैसे. १४,५०० ला तयार झाला. मग दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मेसेज, एक जण संध्याकाळी बघायला येतोय, तुमच्यासाठी थांबवतो पण १,५०० टोकन टाका. टाकले. यात मूर्खपणा काय आहे सांगा, भाड्याच्या खोलीला पण आपण टोकन देतोच की. पण आता कळतं की टोकन गेलं की आपले डोळे अर्धे मिटतात, कारण सायकल नाही घेतली तर १,५०० गेले हे डोक्यात बसतं. टोकन मागितलं की सोडून द्या. कितीही चांगली सायकल असो.

साताऱ्याहून पुण्याला जायचं म्हणजे शंभरच्या वर किलोमीटर. त्याने वेळ दिली संध्याकाळी सातची, ऑफिसमधून लवकर निघता येत नाही म्हणून. सोसायटीच्या तळमजल्याखालच्या पार्किंगमध्ये, एक ट्यूबलाइट, तीही लांब. सायकल खांबाला टेकवून ठेवलेली. चकाचक.

आणि तिथे वास येत होता. रंगाचा, थिनरचा वास. हे मी अजून विसरलेलो नाही आणि रात्री आठवलं तरी मला स्वतःचाच राग येतो, कारण मला तो वास आला होता, स्पष्ट आला होता, आणि मी विचारलं सुद्धा, "रंगाचा वास येतोय का हो?" तो अर्धा सेकंदही थांबला नाही. "हो दादा, सोसायटीचं ग्रिल रंगवतायत." आणि शिडी खरंच होती तिथे, भिंतीला लावलेली, खाली दोन डबे. आता त्या सोसायटीत खरंच रंगकाम चालू होतं की ती शिडी कायमची तिथे असते, मला काय माहीत. तुम्ही असता तर तुम्ही काय केलं असतं? माणूस समोर उभा आहे, हसून बोलतोय, शिडी दिसतेय. ८ महिने वापरलेल्या सायकलला रंगाचा वास का यावा हा प्रश्न तेव्हा मनात आलाच नाही कारण उत्तर आधीच मिळालं होतं. त्यानंतर मी म्हटलं उलटी करू या, खाली पायडलच्या नळीखाली फ्रेम नंबर असतो तो बघू, तर म्हणे "दादा ग्रीस लागेल शर्टाला, नंबर बिलावर आहे ना." बिल मोबाईलवर दाखवलं, पीडीएफ. त्यात नंबर होता. सायकलवर तोच नंबर आहे का हे बघायचं राहिलं. म्हणजे राहिलं नाही, त्याने राहू दिलं नाही, फरक आहे.

पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारल्या. गुळगुळीत फरशीवर कुठलीही सायकल चांगलीच चालते. १३,००० यूपीआयने दिले. साताऱ्याकडे रिकामी परतणारी एक भाजीची पिकअप त्यानेच फोन करून ठरवून दिली, ७०० रुपये. तेव्हा किती बरं वाटलं होतं. वर जाताना म्हणतो कसा, वहिनींना पण घेऊन द्या एक.

रविवारी घाट उतरताना पुढचा ब्रेक हँडलपर्यंत आला. पूर्ण दाबला आणि काही नाही. मागच्यावर आणि पायाने थांबवली. गाडी समोरून येत नव्हती म्हणून आज हे टाइप करतोय. म्हणून मला फक्त पैशाचा राग नाहीये, त्या माणसाला माहीत होतं की हा घाटात जाणार आहे, मीच सांगितलं होतं त्याला कौतुकाने.

पेठेतल्या सायकलवाल्या काकांकडे नेली. त्यांनी आधी हातात उचलली आणि खाली ठेवली, काही बोलले नाहीत. मग दुकानातलं चुंबक आणून फ्रेमला लावलं. चिकटलं. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, फ्रेम साधी लोखंडी. अलॉय म्हणून विकलेली. फ्रिजवरचं चुंबक खिशात घालून गेलो असतो तर १३,००० वाचले असते, हे लिहून ठेवा. कंपनीचं नाव नखाने निघालं, वरून लावलेलं स्टिकर, त्यावर क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, पण नाही. पायडलच्या नळीखाली नंबरच्या जागी ग्राइंडर फिरवलेला आणि वरून रंग. आणि हँडलखाली जिथे दोन नळ्या जुळतात तिथे काकांनी स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं तर लांबी. गाड्यांच्या डेंटिंगला भरतात ती लांबी. तिच्याखाली तडा आणि त्यावर कुठेतरी मारून घेतलेलं वेल्डिंग. काका म्हणाले, "ही उतारावर मोडली असती तर हँडल तुझ्या हातात राहिलं असतं."

बाकीचं पण सांगतो, म्हणजे नवशिक्यांना कळेल काय बघायचं. हायड्रॉलिक ब्रेक नव्हतेच. डिस्क दिसली की हायड्रॉलिक असं समजू नका, डिस्कपाशी जो ब्रेक असतो तिथे उघडी तार बाहेर येऊन नटात आवळलेली दिसली तर तो केबलवाला आहे, हायड्रॉलिकला तिथे बंद पाइप जातो. केबलवाला वाईट असतो असं नाही, पण किंमत वेगळी, आणि माझ्याकडे तो नटच सैल होता म्हणून तार सरकली. लॉकआउटचं बटण फिरायचं, आत काही नव्हतं. फोर्क बघताना पुढचा ब्रेक दाबून ठेवून हँडल पुढेमागे हलवायचं, खटखट लागली तर पैसे परत खिशात. शिमानो फक्त मागच्या डिरेलरवर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) लिहिलेलं, तोही टर्नी, म्हणजे त्यांच्याकडचा सगळ्यात खालचा. वर अल्टस, असेरा, अलिव्हिओ, देओरे असे चढत जातात. टर्नी चालतो, नवशिक्याला चालतो, पण ३८,५०० ची सायकल आणि टर्नी हे जुळत नाही आणि ते पाच मिनिटात मोबाईलवर बघता आलं असतं. २१ गियर, २४ गियर या आकड्यांना काही अर्थ नाही. मागची चक्रं म्हणजे हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) आट्यांनी फिरवून बसवलेलं फ्रीव्हील आहे की सरकवून बसवलेली कॅसेट हे विचारा, फ्रीव्हीलच्या हबचा ॲक्सल (मधला दांडा) खडकाळ वाटेवर वाकू शकतो, माझा वाकलेलाच होता. फ्रेमचा साइज सीट खालीवर करून बदलत नाही. सीट खालीवर केली की साइज जमतो, हा पण डायलॉग मला ऐकवला गेला.

आता तक्रारीचं ऐका, कारण खरा संताप तिथे आहे.

फोन बंद. ॲपवरचं त्याचं खातं गायब. १९३० ला फोन केला, सायबरचा राष्ट्रीय नंबर. पहिला प्रश्न, वस्तू मिळाली का? मिळाली. मग हे आमच्यात येत नाही, पोलीस स्टेशनला जा. (ज्यांचे पैसे गेले आणि वस्तू आलीच नाही त्यांनी मात्र १९३० ला लगेच, त्याच तासात करा, पैसे पुढच्या खात्यातून हलायच्या आत अडवता येतात.) इथल्या स्टेशनला गेलो. व्यवहार पुण्यात झाला, तिकडे जा. तिकडे गेलो. तुम्ही बघून घेतली ना, चालवून घेतली ना, मग हे दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा. मी म्हटलं नंबर घासलेला आहे, चोरीची असू शकते. तर समोरचा साहेब म्हणतो, मग चोरीचा माल तुमच्याकडे आहे, तुम्हीच अडचणीत याल, बघा बुवा. फसलो मी, घाटात जीव जाता जाता वाचला माझा, आणि खुर्चीवर बसून मलाच चोर ठरवायची भाषा! यूपीआयचा व्यवहार आहे, बँक खातं आहे, खात्याला केवायसी आहे, सोसायटीचं गेट आहे, गेटवर कॅमेरा आहे. एक फोन करायचा होता त्यांना. कॅमेऱ्याचं फुटेज काही दिवसात पुसलं जातं हे मी हात जोडून सांगितलं. साधा अर्ज घेतला, शिक्का मारला, एफआयआर नाही. पुढे विचारायला गेलो की ज्यांच्याकडे अर्ज आहे ते बंदोबस्ताला.

मग ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथली मुलगी नीट बोलली निदान. पण म्हणाली खासगी माणसाने स्वतःची जुनी वस्तू विकली तर ते ग्राहक कायद्यात बसत नाही, विकणारा व्यापारी पाहिजे. ॲपवाल्यांनी कळवलं की आम्ही फक्त जागा देतो, व्यवहार तुमचा तुमच्यात. बँकेने सांगितलं तुम्हीच पिन टाकला. म्हणजे पाच ठिकाणी पाच दारं, आणि प्रत्येक दारात माणूस शेजारच्या दाराकडे बोट दाखवतो. रजा, प्रवासाचा खर्च, आणि शेवटी प्रत्येकाचं तोंड एकच, तुम्ही नीट बघून का नाही घेतली.

यावर एका ओळखीच्या वकिलांनी जे सांगितलं ते इथे टाकतो, मला आधी कुणी सांगितलं नाही. खोटं सांगून पैसे काढणं हे नव्या न्याय संहितेत कलम ३१८ आहे, जुनं ४२०. चार नंबरच्या पोटकलमात दखलपात्र आहे, "दिवाणी मॅटर" म्हणून उडवता येत नाही. हद्द कुठलीही असो, झीरो एफआयआर घेणं बंधनकारक आहे. नाही घेतली तर एसपींना किंवा कमिशनरना लेखी, स्पीड पोस्टाने, पोच ठेवा. मी पाठवलंय. आणि तो माणूस एकच सायकल विकत नसेल, धंदाच करत असेल तर तो व्यापारी झाला, मग जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्यासाठी त्याच्या बाकीच्या जाहिराती पुरावा म्हणून लागतात. सौदा करायच्या आधीच जाहिरातीचे, खात्याचे, चॅटचे स्क्रीनशॉट घ्या, नंतर सगळं उडवतात. माझ्याकडे चॅट आहे, जाहिरात नाही.

दुकानातून वापरलेली घेतली तरी आधी फ्रेम नंबर आणि बिल समोरासमोर ठेवा. विकणाऱ्याला नंबरचा फोटो आधीच मागा, टाळाटाळ केली की तिथेच संपवा. दिवसा उजेडात बघा. सोबत सायकल दुरुस्त करणारा माणूस न्या, तीनशे चारशे घेईल, घेऊ द्या. बजेट खरंच १५ च्या आत असेल तर पुढे साधा न दबणारा फोर्क, केबलवाले डिस्क ब्रेक आणि चांगले रुंद टायर असलेली नवीन घ्या, मुरमावर तेवढं पुरतं. स्वस्त सस्पेन्शनपेक्षा सस्पेन्शन नसलेली चांगली.

गेल्या आठवड्यात मला तसलीच जाहिरात परत दिसली. दुसरं नाव, दुसरा नंबर, सायकल निळी, पण मागचा खांब तोच, खाली पिवळा पट्टा आणि त्यावर बी-१४ लिहिलेलं. "९ महिने वापर, ऑनसाइट जातोय". मागतोय १६,०००. यावेळी सगळे स्क्रीनशॉट घेतलेत आणि अर्जाला जोडलेत. ॲपवर रिपोर्ट केलं तर उत्तर आलं की जाहिरातीत नियमभंग आढळला नाही. पुण्यात कुणी या खांबापाशी उभी असलेली सायकल बघायला निघाला असेल तर टोकन टाकू नका, आणि आधीच टाकलं असेल तर मला मेसेज करा, दोघांची तक्रार एकत्र देऊ.