चुंबक चिकटलं नाही म्हणून 304 स्टील समजलो अन् फसलो, टाकी घेणाऱ्यांनी वाचा

लातूरजवळ आमचा जारच्या पाण्याचा छोटा प्लांट आहे. दोन वर्षांखाली बोअरचं पाणी साठवायला हजार लिटरची स्टीलची टाकी एका फॅब्रिकेटरकडून करून घेतली, 45 हजार रोख मोजले. 304 (स्टेनलेस स्टीलचा चांगला ग्रेड) आहे ना, असं तीनदा विचारलं तर त्यानं खिशातून चुंबक काढून पत्र्याला लावलं, चिकटलं नाही, "बघा दादा, पक्कं 304". तिथंच फसलो.

आठ महिन्यांत तळाला वेल्डिंगच्या कडेनं तांबडे ठिपके आले. वरवरचा गंज वाटला म्हणून तारेच्या ब्रशनं घासला, ते तर अजून चुकलं, लोखंडाचे कण पत्र्यात बसतात. ठिपका सुईच्या टोकाएवढा पण आतून पोखरलेला, अन् दीड वर्षात टाकी गळायली. फॅब्रिकेटर म्हणायला तुमचं पाणीच खराब. मग तुकडा कापून लॅबला दिला, निकेल जेमतेम 1 टक्का अन् मँगनीज 9 च्या वर! 304 ला निकेल 8 अन् क्रोमियम 18 टक्के लागतं. हा 200 सिरीजचा पत्रा, बाजारात जे4 म्हणतात, निकेल महाग म्हणून मँगनीज घालतात अन् चुंबक त्यालाही चिकटत नाही. उलट खरं 304 वाकवलेल्या जागी थोडं धरतं.

पाण्याचंही खोटं नाही. स्टीलवर क्रोमियम ऑक्साईडचा एकदम पातळ थर असतो, खाऱ्या पाण्यातलं क्लोराईड तो एखाद्या जागी फोडतं, त्या खड्ड्यात आम्ल तयार होतं अन् बाकी पत्रा चकचकीत राहून तेवढंच भोक खोल जातं. आमचं पाणी खारं, वरून ब्लिचिंग पावडर, पाणी दोन-दोन दिवस तसंच उभं, अन् वेल्डचा निळा-काळा डाग फॅब्रिकेटरनं पिकलिंग पेस्ट (वेल्ड साफ करायची आम्लाची पेस्ट) लावून काढलाच नव्हता.

भांडायला गेलो तर बिलावर नुसतं "स्टील टाकी 1 नग". ग्रेडच लिहिलेला नाही, काय बोलणार?

आता पाणी आधी तपासून घेतलं. क्लोराईड लिटरला 200 मिलिग्रॅमच्या वर असंल तर 304 वर भरवसा ठेवू नका, मोलिब्डेनम असलेलं 316 घ्या. बिलावर ग्रेड लिहून घ्या, मिल सर्टिफिकेटवरचा (पत्रा बनवणाऱ्या कारखान्याचा दाखला) हीट नंबर, म्हणजे त्या ओतकामाचा नंबर, पत्र्यावरच्या नंबराशी पत्रा कापायच्या आधी स्वतः जुळवा. मँगनीज ओळखायचं टेस्टिंग लिक्विड मिळतं, एक थेंब अन् 9 व्होल्टची बॅटरी, रंग लाल झाला की पैसे देऊ नका. अन् संडास धुवायचं ॲसिड टाकीला चुकूनही लावू नका, शेजारच्या डेअरीवाल्यानं लावलं होतं, त्याच्या कॅनला महिन्यात डाग पडले.