तांब्याचा ३० लिटरचा बंब : तंबू लावण्याआधी शेतावर घ्यावा का?

भातकापणी उरकली की भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठची खाचरं मोकळी होतात आणि धसकटं उपटून, ढेकळं फोडून पर्यटकांच्या तंबूंची जागा सपाट करायला सुरुवात होते. तंबू, गाद्या, शेकोटी यांचा हिशेब सगळेच करतात. पहाटेच्या गरम पाण्याचा विचार मात्र पहिले पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सुचतो. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे पारा कित्येकदा १० अंशांच्या खाली उतरतो. रात्रभर गारठलेल्या माणसाला उठल्याउठल्या बादलीभर कढत पाणी मिळालं की त्याची सकाळच बदलते. चार-पाच तंबूंच्या पहिल्या हंगामासाठी आमची पसंती तांब्याच्या बंबाला, म्हणजे मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी अशा भांड्याला आहे. ५ पैकी ४ गुण. कापलेला एक गुण तोटीचा, त्याबद्दल पुढे.

विजेच्या गिझरशी तुलना करून बघा. २ किलोवॅटच्या गिझरला ३० लिटर पाणी १५ वरून ६० अंशांवर न्यायला पाऊण तास लागतो, तोही पूर्ण २३० व्होल्ट मिळाले तर. वाडीच्या टोकाला विजेचा दाब १८० व्होल्टपर्यंत उतरला की त्याच गिझरची ताकद साधारण ६० टक्के उरते आणि वेळ सव्वा तासावर जातो. बंबाला तेवढ्याच पाण्यासाठी सव्वा ते दीड किलो सुकं लाकूड पुरतं. ६० अंशांच्या ३० लिटरमध्ये गार पाणी मिसळलं की अंघोळीजोगं ५४ लिटर होतं, म्हणजे तीन माणसांची सोय. दहा पाहुणे असतील तर बंब चारदा भरावा लागतो. पहिल्या खेपेला पाऊण तास धरा, पुढच्या खेपा निखारे तयार असल्याने लवकर होतात. जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो, तेव्हा साडेपाचला पेटवलेला बंब वेळ गाठतो. तंबूंची संख्या सहाच्या वर जाणार असेल तर मोठा बंब घेऊ नका, ३० लिटरचे दोन घ्या. एक तापेपर्यंत दुसरा चालतो.

खरेदी नाशिकच्या भांडी बाजारात किंवा पुण्याच्या तांबट आळीत करा, नाहीतर जवळच्या बाजारपेठेत, पण हात लावून, उचलून बघून. पत्रा २० गेजचा, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर, मागा. २४ गेजचा दिसायला तसाच असतो, पण जाडी ०.५६ मिलिमीटरच असते आणि बोटाने दाबला तर दबतो. भाव किलोवर ठरत असेल तर लोखंडी जाळी आणि तिवई काढून वजन करायला सांगा. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मधल्या नळीच्या सांध्याचा : झाळ, म्हणजे सांधा जोडणारा धातू, पितळेची आहे की कथील-शिशाची? कथील-शिशाची झाळ २०० अंशांच्या आतच वितळते. नळीभोवती पाणी आहे तोवर काही होत नाही, पण पाणी खाली गेलं आणि जाळ चालू राहिला की सांधा सुटतो. बंब गळायला लागण्याचं हेच नेहमीचं कारण. घरी आणल्यावर काठोकाठ भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवा. सकाळी बुडाशी ओल दिसली तर तसाच परत न्या.

आता तोटी. बंबाबरोबर येणाऱ्या तोटीतला रबरी वायसर उष्णतेने कडक होतो आणि महिन्याभरात थेंब थेंब सुरू होतो. अर्ध्या इंची पितळी तोटी वेगळी घ्या, सिलिकॉनचा वायसर आणि टेफ्लॉन टेप लावून बसवा. तोटी जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच असते, खाली २० लिटरची बादली बसत नाही. म्हणून फूटभर उंचीचा विटांचा ओटा आधी बांधून घ्यावा.

ओट्याच्या जागेबद्दल मात्र आम्ही आग्रही आहोत. बंद न्हाणीघरात बंब कधीच पेटवू नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी कोसळतो. ओटा उघड्यावर, न्हाणीच्या भिंतीबाहेर हवा. त्यातही तंबूंच्या वर नको, खाली हवा. पहाटे थंड हवा डोंगराकडून पाण्याकडे सरकते. बंब चढावर असेल तर सगळा धूर झोपलेल्या पाहुण्यांवर जातो. ठिणग्यांसाठी तंबूपासून किमान दहा पावलं अंतर सोडा. लहान मुलं चकचकीत तांब्याला हात लावायला जातात आणि वरची कड पाण्याहूनही जास्त तापते, तेव्हा भोवती हातभर अंतरावर बांबूचं कुंपण घाला.

पेटवण्यात चूक होते ती पेंढ्याची. भाताचा पेंढा घरचाच असतो, भडकन पेटतो, पण त्याची राख जाळीवर थर धरून बसते. खालून हवा मिळेनाशी झाली की नुसता धूर. त्याऐवजी नारळाची शेंडी किंवा मक्याची बुरकुंडं खाली घाला, वर अंगठ्याएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या काटक्या उभ्या सोडा. नळी निम्मीच भरा. जाळ धरला की बाभळीचे दोन-चार कोळसे टाका, मग सारखं बघावं लागत नाही. लाकूड रात्री झाकलेलं हवं, दवाने ओली झालेली काटकी पहाटे पेटत नाही. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांपुरतं बोलायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी दीडशे ते दोनशे किलो लाकूड जातं.

गरम पाणी जेवढं काढाल तेवढं गार लगेच ओता. झाकण कधीही घट्ट करू नका, वाफेला वाट हवी. हे पाणी अंघोळीचं, चहाला वापरू नये. आतली कल्हई शाबूत आहे का हे डोळ्यांना दिसत नाही.

बोअरचं पाणी असेल तर आत पांढरा थर बसतो आणि तापायला वेळ लागतो. दर लिटरला २० ग्रॅम लिंबूसत्त्व घातलेलं पाणी दोन तास ठेवून ओतून द्या, नंतर दोनदा खळबळून घ्या. बाहेरून चिंच-मीठ पुरे. हंगाम संपला की तोटी काढून बंब उन्हात पालथा घाला, पूर्ण सुकला की माळ्यावर ठेवा. राख त्याआधीच काढलेली असावी. पावसाळ्यात ती ओल धरते आणि दिवाळीला बघावं तर जाळी गंजून तुटलेली असते.