मीडियाकन्व्हर्टच्या रांगा: सोय चांगली, पण खाचाखोचा ओळखून वापरा

एडब्ल्यूएस एलिमेंटल मीडियाकन्व्हर्ट ही ॲमेझॉनची क्लाउडवर व्हिडिओचे फॉरमॅट बदलून देणारी सेवा. तिथे प्रत्येक काम, म्हणजे ‘जॉब’, आधी एका रांगेत लागतं. ‘डीफॉल्ट’ नावाची ऑन-डिमांड (वापराल तेवढेच पैसे) रांग आयतीच मिळते. ती डिलीट करता येत नाही, म्हणून सगळं तिच्यातच ढकलायची सवय लागते. रात्री जुन्या व्याख्यानांच्या 800 फायली टाकल्या आणि सकाळी तीन मिनिटांचं बातमीपत्र आलं, की ते त्या गर्दीच्या शेपटाला उभं.

मग हात जातो प्रायॉरिटीकडे. -50 ते 50, काहीच न दिल्यास 0, मोठा आकडा आधी. पण हा आकडा त्याच रांगेत ताटकळणाऱ्या जॉबपुरता. चालू जॉब त्यासाठी थांबत नाही. आणि टीममधल्या प्रत्येकाने आपल्याच जॉबला 50 लावलं, की पहिले पाढे पंचावन्न.

तातडीच्या कामाला वेगळी रांग हवी, पण तेवढ्यानंही भागत नाही. एकाच वेळी किती जॉब चालतील याची मर्यादा एका रीजनमधल्या (एडब्ल्यूएसच्या एका भौगोलिक विभागातल्या) तुमच्या सगळ्या ऑन-डिमांड रांगांना मिळून आहे. म्हणून ढिगाऱ्याच्या रांगेच्या सेटिंगमध्ये ‘कॉन्करंट जॉब्स’चा आकडा मुद्दाम कमी ठेवा, म्हणजे बातमीपत्राला जागा उरते.

सगळ्यात फसवी गोष्ट पॉजची. पॉज केलेली रांग नवे जॉब निमूट स्वीकारते, चालू असलेले पूर्णही करते. नवा जॉब मात्र ‘सबमिटेड’वरच बसून राहतो. एरर नाही, त्यामुळे फक्त एररवर लावलेला अलार्म गप्पच. ठरावीक मिनिटांपेक्षा जास्त वेळ ‘सबमिटेड’ असलेले जॉब शोधणारी छोटी स्क्रिप्ट वेगळी लावावीच लागते.

रिझर्व्ड रांग म्हणजे ठरावीक क्षमतेचे स्लॉट राखून ठेवण्याची 12 महिन्यांची बांधिलकी. एका स्लॉटवर एका वेळी एकच जॉब. मध्येच स्लॉट वाढवले की 12 महिने नव्याने मोजायला सुरुवात, त्यामुळे आकडा अंदाजपंचे ठरवू नका. ऑन-डिमांडवर टेस्ट जॉब पाठवताना ‘सिम्युलेट रिझर्व्ड क्यू’ चालू करा. एका स्लॉटवर साधारण किती वेळ लागेल ते कळतं. दिवसभर सारखं काम नसेल तर रिझर्व्डच्या वाटेला न जाणंच बरं.

घेतलीच, तर क्यू हॉपिंग लावून ठेवा. 1 ते 4320 मिनिटांमधली वेळ द्यायची. तेवढं थांबूनही नंबर लागला नाही तर जॉब दुसऱ्या रांगेत उडी मारू शकतो. फक्त ती रांग ऑन-डिमांड असेल, तर त्या जॉबचं बिलही ऑन-डिमांडच्या दरानेच येतं.