‘पासिंग’ की ‘एक्स-कलर्ड मॅन’: वर्गात कोणती घ्यावी?

फळ्यावर ‘पासिंग’ लिहिलं की आपल्या मुलांना एकतर ३५ मार्क आठवतात, नाहीतर गाडीचं एमएच १२. दिसायला गोरी, पण रूढीने आणि कायद्याने ‘काळी’ ठरलेली माणसं ओळख लपवून गोऱ्यांमध्ये जगायची, त्याला अमेरिकेत हा शब्द आहे, एवढं सांगण्यातच पहिला तास संपतो. एम.ए.च्या पेपरला या विषयावरची एकच कादंबरी लावायची असेल, तर माझ्यापुढे दोन नावं उरतात: नेला लार्सनची ‘पासिंग’ (१९२९) आणि जेम्स वेल्डन जॉन्सनची ‘द ऑटोबायोग्राफी ऑफ अ‍ॅन एक्स-कलर्ड मॅन’ (१९१२).

माझा कौल लार्सनला आहे. पण तो सगळ्याच वर्गांना लागू होईल असं नाही.

ज्यांना अमेरिकेच्या इतिहासाची फारशी ओळख नाही, त्यांना जॉन्सन सोपा जातो. त्याचा निनावी नायक जॉर्जियात जन्मतो, कनेटिकटमध्ये शिकतो, फ्लोरिडात सिगारच्या कारखान्यात काम करतो, न्यूयॉर्कला पियानोवर रॅगटाइम (कृष्णवंशीयांचं त्या काळचं ठेकेबाज संगीत) वाजवतो, युरोप फिरून येतो. त्याच्या मागे मागे गेलं की सगळा काळ नजरेखालून जातो. शाळेतला प्रसंग तर सुटा काढूनही शिकवता येईल. मुख्याध्यापक गोऱ्या मुलांना उभं राहायला सांगतात, हाही उभा राहतो, आणि बाई त्याला खाली बसवतात. पोरगं घरी जाऊन आरशात बघतं. वंश म्हणजे काय यावर तासभर बोलून जे पोचत नाही, ते त्या आरशाने पोचतं.

पण पुढे पुस्तक जागोजागी भाषण देऊ लागतं आणि वर्ग पेंगतो. त्यातच एका माणसाला जिवंत जाळण्याचा प्रसंग आहे. तो वाचायला देण्याआधी मुलांना कल्पना द्यायलाच हवी. ते बघूनच नायक गोरा होऊन जगायचं ठरवतो, म्हणून प्रसंग गाळताही येत नाही. एक गंमत मात्र हुकवू नये. पुस्तक आधी निनावी निघालं आणि पुष्कळांनी ते खरं आत्मचरित्र समजून वाचलं. १९२७ च्या आवृत्तीवर लेखकाचं नाव आलं. म्हणजे पुस्तकानेच पासिंग केलं!

लार्सनची कादंबरी लहान, तीन भागांची. आयरीन आणि क्लेअर या बालमैत्रिणी शिकागोच्या एका हॉटेलच्या गच्चीवर अचानक भेटतात. दोघीही त्या क्षणी गोऱ्या म्हणून तिथे बसल्या आहेत, फक्त आयरीन तेवढ्या दुपारपुरती आणि क्लेअर जन्मभरासाठी. गोऱ्यांना वाटतं, नखं, तळहात, कान बघून कोण काळं ते आपण ओळखू. आयरीन मनात त्याला हसते. मग चहाचा प्रसंग. क्लेअरचा नवरा काळ्यांबद्दल गरळ ओकतो आणि समोर बसलेल्या तिघीही कृष्णवंशीय आहेत, हे त्याला ठाऊक नाही. हा भाग वर्गात मोठ्याने वाचावा. मात्र दोन्ही पुस्तकांत काळ्यांसाठी येणारा तो अपमानकारक शब्द उच्चारायचा की नाही, हे आधीच मुलांशी बोलून ठरवा.

सगळं आयरीनच्या नजरेतून येतं आणि ती नजर भरवशाची नाही. नवऱ्याचं क्लेअरशी काही आहे, की ते हिच्याच डोक्यात आहे? हिला क्लेअरचा मत्सर वाटतो, की ओढ? आणि शेवटी सहाव्या मजल्याच्या खिडकीतून क्लेअर पडली, उडी मारली, की ढकलली गेली? मुलं यावर भांडतात आणि भांडता भांडता पुरावा शोधायला पानं उलटतात. पहिल्या छपाईतला शेवटचा परिच्छेद तिसऱ्या छपाईत नाही, त्यामुळे सगळ्यांच्या हातातल्या प्रतींचा शेवट एकच आहे ना, हे बघून घ्या.

धोका एकच. इतिहास माहीत नसेल तर हा नवरा-बायको-मैत्रीण असा त्रिकोण होऊन बसतो. म्हणून आधी जॉन्सनचा शाळेतला प्रसंग द्यावा आणि व्हर्जिनिया राज्याचा १९२४ चा वंशशुद्धीचा, म्हणजे गोरं कोणाला म्हणायचं ते ठरवणारा आणि गोऱ्यांचं इतरांशी लग्न रोखणारा कायदा सांगावा. रिबेका हॉलने ‘पासिंग’वर केलेला २०२१ चा कृष्णधवल सिनेमा चांगला आहे, पण नंतर दाखवा. आधी दाखवला तर मुलं क्लेअरचा रंग पडद्यावर बघून मोकळी होतात.

बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या, जात लपवून राहणाऱ्या दलित तरुणाच्या कथेची आठवण कुणीतरी काढेलच. जरूर काढू द्या. ‘चोरणे’ हे क्रियापद फार काही सांगतं. फक्त दोन्ही गोष्टी एकच म्हणून मोकळं होऊ नये. आपल्याकडे आडनाव विचारलं जातं, तिथे नखं बघायचे.

शेवटच्या तासाला मी लेखी काम देईन: खिडकीच्या घटनेवर पोलिसांसाठी जबाब लिहा, पण आयरीनचा नाही, तिच्या नवऱ्याचा.