ट्रिटिकेलची भुरी की आल्डरचा फायटोफ्थोरा: कुठला संकर जास्त डेंजर?

भुरी म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणारा बुरशीचा रोग, आणि हा फायटोफ्थोरा म्हणजे आल्डर या नदीकाठच्या झाडाला मारणारा सूक्ष्मजीव. दोन्ही रोगांचे जंतू जवळच्या जातींच्या संकरातून आलेत, पण दोघांची चाल एकदम वेगळी आहे.

आधी भुरी घ्या. ट्रिटिकेल म्हणजे माणसानेच गहू आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) यांचा संकर करून बनवलेलं पीक, सुरुवातीला त्याला भुरी फारशी लागायचीच नाही, आणि मग 2001 च्या आसपास युरोपात ती दिसायला लागली. भुरीच्या बुरशीचा जीनोम (सगळा डीएनए) वाचल्यावर कळलं की ही बुरशी पण संकरच आहे, गव्हाची भुरी आणि रायची भुरी यांचा! साधारण 12.5 टक्के भाग रायवाल्या भुरीचा, बाकी सगळा गव्हाच्या भुरीचा, म्हणजे एकदा संकर झाला आणि नंतर पोरं परत गव्हाच्या भुरीशीच जुळत गेली. आपण पीक बदललं तर रोगानेही तसंच केलं, हे वाचून मी खरंच हादरलो.

आल्डरवाला फायटोफ्थोरा 1993 मध्ये ब्रिटनमध्ये सापडला. हा बुरशीसारखा दिसतो पण खरी बुरशी नाही. त्याच्यात गुणसूत्रांचे तीन संच, ते जोडीजोडीने नीट वाटले जात नाहीत, त्यामुळे लैंगिक बीजाणू बहुतेक वाया जातात, पण पाण्यात पोहणारे बीजाणू भरपूर, म्हणून नदीकाठची झाडं मरत जातात.

झाडांचं नुकसान मोठंय, तरी पिकांसाठी मला भुरीचीच भीती जास्त वाटते, कारण तिचं लैंगिक चक्र चालू आहे, दर हंगामात जीन्सची नवी जुळणी होऊ शकते आणि एकाच प्रतिकारक जीनवर उभं केलेलं वाण तिच्यापुढे किती टिकणार?